माचीवरचं घर

सिद्धगडाच्या पायथ्याशी, नारिवलीच्या पुढे, एका पाड्यावर एक पोरगा राहत होता. घरात आजा, आई, बाप आणि एक बैलजोडी. पावसाळ्यात खाचरात भात, वरच्या उतारावर नाचणी नि वरई. भात झोडून झालं की बाप वीटभट्टीवर जायचा आणि आई मोळ्या वाहायची. पोरगा एसटीने मुरबाडच्या कॉलेजात जायचा. बी. कॉम.चं दुसरं वर्ष.

वर्गात तो शेवटच्या बाकावर, कबड्डीच्या मैदानात मात्र पहिला. तो चढाईला निघाला की समोरच्या संघाची साखळी आपोआप मागे सरायची. कोपऱ्यावरचा गडी त्याच्या घोट्यावर झेप घ्यायचा आणि मूठभर माती घेऊन उठायचा. पोरगा तोवर मध्यरेषेच्या अलीकडे येऊन मांडीवर थाप मारत उभा असायचा. दोन वर्षांत त्याने कॉलेजला दोन करंडक मिळवून दिले. म्हशाच्या जत्रेतही माणसं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "तो बघ, सिद्धगडाखालचा चढाईपटू."

डिसेंबरातल्या एका सामन्यानंतर पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला. त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "कॉलेजात काय सडतोस? मुंबईला चल. आमच्याकडे राहा, मॅटवर सराव कर, मोठ्या लीगमध्ये तुला उतरवतो. लिलावात पोरांना लाखांनी भाव येतो, ऐकलंस ना?" त्याने आठ पानांचा इंग्रजी कागद पुढे केला आणि वर पंचवीस हजार रुपये द्यायचं कबूल केलं. "पाच तारखेला येतो. सही करून ठेव."

पोरगा उडतच घरी आला. आईने कागद देव्हाऱ्यात ठेवला. बापाने मनातल्या मनात घरावरचे पत्रे बदलले. आज्याने फक्त विचारलं, "यात काय लिवलंय?"

"आजा, इंग्रजीत आहे."

"तू इंग्रजी शिकतोस ना?"

"त्यात काय वाचायचं? सगळे सहीच करतात."

आजा पुढे काही बोलला नाही.

पोराने कॉलेजला जाणं बंद केलं. पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. त्यात व्यापारी कायद्याचं पुस्तकही होतं. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती.

एक जानेवारीच्या संध्याकाळी कॉलेजचे खेळाचे सर पाड्यावर आले. दरवर्षी ते यायचे. दोन जानेवारीच्या पहाटे सिद्धगडाला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला कर्जत, नेरळ, मुरबाडकडून माणसं चालत येतात, आणि सर आदल्या रात्री याच घरी उतरायचे. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली. अंगणात शेकोटी पेटली. पोराने मोठ्या अभिमानाने सरांना कागदाची गोष्ट सांगितली.

सर रागावले नाहीत. शेकोटीत एक ओंडका सरकवून म्हणाले, "चांगलं झालं. मोठा खेळाडू हो. पण आधी एका मोठ्या खेळाडूची गोष्ट ऐक."

आणि सर सांगू लागले.

"दूर कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय नावाचं एक लहानसं बेट आहे. तिथे 1976 साली एक मुलगा जन्मला, टिम डंकन. आई सुईण, बाप गवंडी. पोराला पोहण्याचं वेड. थोरली बहीण 1988 साली सोलच्या ऑलिम्पिकमध्ये पोहून आली होती, यालाही तिथेच जायचं होतं. पण 1989च्या सप्टेंबरात ह्यूगो नावाचं वादळ आलं. त्या वादळात बेटावरचा मोठा पोहण्याचा तलाव मोडून गेला. समुद्रात सराव करावा, तर पोराला शार्कची भीती. पुढच्याच एप्रिलात आई कॅन्सरने गेली. पोराला चौदा वर्षं पुरी व्हायला एक दिवस उरला होता. जाण्याआधी तिने मुलांकडून एक शब्द घेतला होता. काहीही करा, पण कॉलेज पुरं करा, पदवी घ्या."

आईने चुलीपुढून मान वर केली. पोरगा काटकीने निखारे उकरत होता.

"पोहणं गेलं. मग मेहुण्याने त्याला बास्केटबॉल शिकवला."

"ह्यो कंचा खेळ?" आज्याने विचारलं.

"दहा फुटांवर लोखंडी कडं असतं, आजोबा. त्यात चेंडू टाकायचा. 1891 साली अमेरिकेत एका खेळाच्या शिक्षकाने तो काढला. बाहेर बर्फ, पोरं आत कोंडलेली, त्यांना खेळायला काहीतरी हवं होतं. पहिल्यांदा तर फळांच्या टोपल्याच टांगल्या होत्या."

"म्हंजे मास्तरानंच काढला," आजा समाधानाने म्हणाला.

"हो, मास्तरानेच. तर हा मुलगा उशिरा शिकायला लागला. 1993 साली अमेरिकेत वेक फॉरेस्ट नावाच्या विद्यापीठात गेला. कॉलेजच्या पहिल्या सामन्यात त्याला एकही गुण करता आला नाही. पण त्याने एकेक गोष्ट घोटली. पाय कुठे ठेवायचा, चेंडू फळीच्या नेमक्या कुठल्या चौकोनावर आपटला की कड्यात पडतो, हे तो रोज घोटत राहिला. दोन वर्षांत असा खेळू लागला की साऱ्या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांची नजर त्याच्यावर लागली. तिकडे कॉलेज अर्धवट सोडून व्यावसायिक संघात जायला मुभा आहे, आणि चांगले खेळाडू जातातही. 1995 साली तो गेला असता तर पैशाच्या राशीत लोळला असता. गेला नाही. 1996 सालीही नाही."

"का?" पोराच्या तोंडून निघून गेलं.

"शब्द दिला होता ना. चार वर्षं पुरी करून 1997 साली त्याने मानसशास्त्राची पदवी घेतली. आणि त्याच वर्षी, त्या साली निवडलेल्या सगळ्या नव्या खेळाडूंमध्ये पहिला म्हणून, सॅन अँटोनियोच्या संघाने त्याला घेतलं. पुढे 19 हंगाम तो त्याच एका संघाकडून खेळला. 1999 ते 2014 या काळात संघाला पाच विजेतेपदं मिळवून दिली. लोकांनी त्याला जे टोपणनाव दिलं त्याचा अर्थ काय, माहीत आहे? पाया पक्का असलेला माणूस. पैसा त्याला दोन वर्षं उशिरा मिळाला. कमी मिळाला का?"

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तो अमेरिकेतला. त्याची उंची सात फुटांच्या घरातली. तिकडची गोष्ट वेगळी. आपल्या डोंगरातल्या पोरांना कोण दोन वर्षं थांबतंय?"

"बरं, आपल्या डोंगरातलाच घेऊ. कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका, हुंदळेवाडी. कोण?"

पोराचे डोळे चमकले. "सिद्धार्थ देसाई!"

"त्याचे कबड्डी लीगच्या लिलावातले भाव सांग. वर्षाप्रमाणे."

पोराला ते तोंडपाठ होते. तो बोटं मोडत सांगू लागला. "2018, यू मुंबा, 36 लाख 40 हजार. पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर गुण घेतले, सर! मग 2019, तेलुगू टायटन्स, 1 कोटी 45 लाख. त्या वर्षी सगळ्यांत जास्त!"

"पुढे?"

"पुढे 2021-22च्या हंगामात दुखापत झाली. फार खेळता आलं नाही. मग 2022..." पोरगा अडखळला. "2022 साली 20 लाख."

"आणि?"

"2023 साली हरियाणा स्टीलर्स, 1 कोटी."

सर म्हणाले, "एक कोटी पंचेचाळीसवरून वीस लाखांवर, आणि तिथून परत एक कोटीवर. हे परत चढणं त्याच्या जिद्दीचं, त्याला माझा नमस्कार. पण एक सांग. 2019 सालचा सिद्धार्थ आणि 2022 सालचा सिद्धार्थ, माणूस एकच ना?"

"एकच."

"आईबापाचा मुलगा तोच, अंगातली कला तीच. भाव मात्र सातपट घसरला. कारण भाव माणसाचा नसतो, त्या वर्षीच्या त्याच्या खांद्याचा नि गुडघ्याचा असतो. आता दुसरं सांग. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे. त्या पदवीचा भाव कोणत्या वर्षी उतरला?"

पोराकडे उत्तर नव्हतं. शेकोटीतला ओंडका मधोमध तुटून राखेत बसला. आजा उठला आणि घोंगडी घेऊन पडवीत गेला.

पहाटे तीनला सगळे उठले. थंडी अंगाला झोंबत होती. अंधारातून दिव्यांच्या ओळी स्मारकाकडे सरकत होत्या. म्हातारी माणसं होती, शाळेची पोरं होती, बाया होत्या. 1943 सालच्या दोन जानेवारीच्या पहाटे याच रानात पोलिसांनी वेढा घालून गोळ्या झाडल्या आणि भाई कोतवाल नि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. भाई माथेरानचे. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणलं होतं. मानवंदना झाली तेव्हा दऱ्यांतून प्रतिध्वनी उठले आणि मग सारं रान शांत झालं.

परतताना आजा एका खडकावर टेकला. पोराला त्याने शेजारी बसवलं.

"पोरा, भाई कोन होता?"

"क्रांतिकारक."

"त्याच्या आधी?"

पोराने आठवून पाहिलं. "वकील."

"वकील. गरिबाघरचा पोर, शिकून वकील झाला. कशापायी? आमच्यासारख्यांचे कागद वाचायला. तवा सावकार कागद आनायचा, आमी अंगठा द्यायचो. माझ्या बापानं दोन मन भातापायी अंगठा दिला. कागदात भात नव्हतं लिवलेलं, खाचर लिवलेलं होतं. अंगठ्याला वाचता येत नाय, पोरा. खाचर गेलं." आज्याने पोराचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "आता तुझ्या हाताला वाचता येतंय. तरी तू न वाचता सही करनार. मग तुझी सही आन माझ्या बापाचा अंगठा, फरक काय र्‍हायला?"

पोराने हात सोडवून घेतला नाही.

उजाडत होतं. समोर सिद्धगडाचा कडा हळूहळू अंधारातून वर येत होता. आज्याने काठीने वर दाखवलं. "आपली मूळची वाडी कुठं होती?"

"माचीवर."

"माझा जन्म तितला. माचीवर पानी होतं, शेत होतं, नारमातेचं देऊळ होतं. बालेकिल्ला त्याच्या वर. तू किती येळा गेलास बालेकिल्ल्यावर?"

"दहा-बारा वेळा."

"एका रातीला तरी र्‍हायलास?"

"तिथे कोण राहणार, आजा? वारा उभं राहू देत नाही."

"मंग तुला आजून काय सांगू?" आजा म्हणाला. "बालेकिल्ल्यावर जरूर जा. तितनं गोरख-मच्छिंद्र दिसतात, भीमाशंकरचं रान दिसतं. तरनाताठा हायस, जायालाच पायजे. पन वाटेत माचीवर घर ठेव. वर वारा सुटला, पाय मुरगळला, ढग उतरले, तर मानूस माचीवर येऊन टेकतो. ज्याला माची नाय, तो वरनं येतो तो थेट दरीत."

घरी येऊन पोराने माळ्यावरचं पोतं खाली काढलं. देव्हाऱ्यातला कागद घेतला, शब्दकोश घेतला, व्यापारी कायद्याच्या पुस्तकाची पानं नखाने सोडवली. 1872चा भारतीय करार कायदा. करार खरा केव्हा, संमती खरी केव्हा. दोन दिवस तो ओट्यावरून उठला नाही. एक वाक्य कळायला कधी तास लागायचा. पण वाक्यं कळू लागली, आणि जसजशी कळू लागली तसतसा त्याचा चेहरा बदलू लागला.

तिसऱ्या पानावर होतं, सात वर्षं तो जे कमावेल त्यातला निम्मा वाटा त्या माणसाचा. पाचव्या पानावर होतं, त्याच्या परवानगीवाचून कोणत्याही नोकरीत किंवा संघात जाता येणार नाही. आणि सातव्या पानावर होतं, दुखापत होऊन खेळ थांबला तर करार तिथेच संपेल, औषधपाणी खेळाडूने आपलं आपण पाहायचं, आणि तोवर राहण्या-जेवण्यावर झालेला सगळा खर्च परत करायचा.

रात्री त्याने सातवं पान बापाला मराठीत वाचून दाखवलं. बाप वाचू शकत नव्हता, पण ऐकता ऐकता त्याने डोक्याची टोपी काढून हातात घेतली. मनात बदललेले पत्रे त्याने मनातच पुन्हा उतरवून ठेवले.

पाच तारखेला पांढरी गाडी आली. पोराने कागद परत दिला. "साहेब, मी वाचला." माणूस हसला, मग चिडला. जाताना म्हणाला, "अशी संधी दारात दोनदा येत नाही."

सोमवारी पोरगा पहिल्या एसटीने कॉलेजात गेला. या खेपेला पहिल्या बाकावर बसला.

पुढची गोष्ट लवकर सांगून होते. पहाटे सराव, दिवसा कॉलेज, रात्री अभ्यास. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि पोरगा बी. कॉम. झाला. त्या उन्हाळ्यात तो एका व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीला गेला. घेतला नाही. परत आला, आणि मुरबाडमध्ये एका दुकानात हिशेब लिहायला लागला. संध्याकाळी सराव चालूच. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला. या वेळी घेतला.

करार पुढे आला तेव्हा तो म्हणाला, "एक दिवस द्या, वाचतो." दुसऱ्या दिवशी त्याने एकच गोष्ट विचारली, "दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे यात स्पष्ट नाही." व्यवस्थापकाने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, कागद मागे घेतला आणि एक ओळ वाढवून आणून दिली. पोराने सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची.

दोन हंगाम तो उत्तम खेळला. घरावर नवे पत्रे आले, आईची मोळी सुटली. तिसऱ्या हंगामात उडी मारून मध्यरेषेकडे येताना गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली. खर्च संघाने केला, त्या वाढवलेल्या एका ओळीमुळे. पुढचं सबंध वर्ष त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. जत्रेत बोट दाखवणाऱ्यांनी दुसरा कोणी शोधला.

तो पाड्यावर परत आला, पण रिकामा बसला नाही. सकाळी हिशेबाचं काम करायचा. दुपारी पाड्यावरची माणसं ओट्यावर यायची. कोणाच्या हातात बँकेचा कागद, कोणाच्या वीटभट्टीवरच्या उचलीचा, कोणाच्या जमिनीचा. तो एकेक वाचून मराठीत समजावून द्यायचा. कोणी घाईने शाईचा डबा मागितला तर म्हणायचा, "आधी ऐका, काका. अंगठा कुठे पळून जात नाही." संध्याकाळी पाड्यावरच्या पोरांना कबड्डी शिकवायचा. नियम एकच होता, शाळेत हजेरी नसेल तर मैदानात हजेरी नाही.

वर्षभराने गुडघा भरून आला. संघाने पुन्हा बोलावलं, पहिल्यापेक्षा कमी पैशांत. तो आनंदाने गेला. आणखी तीन हंगाम खेळला. आपला खेळ संपला हे त्याला स्वतःलाच कळलं, त्या दिवशी बूट काढून खांद्याला अडकवले आणि घरची एसटी पकडली. कोणी विचारलं, "वाईट नाही वाटत?" तर तो कड्याकडे बोट दाखवायचा. "बालेकिल्ला बघून आलो. आता घरी आलोय."

आजा तोवर फार थकला होता. दोन जानेवारीला त्याला चालत जाता येईना. नातवाने त्याला पाठीवर घेतलं आणि पहाटेच्या अंधारात स्मारकापर्यंत नेलं. पाठीवरून आज्याने हळूच विचारलं, "गुडघा दुखतोय का रं?"

"नाही, आजा," नातू म्हणाला. "माचीपर्यंतही नेईन."

तात्पर्य : अंगातली कला माणसाला शिखरावर नेते, पण शिखरावर कोणी घर करून राहत नाही. बाजारातला भाव दरवर्षी बदलतो. शिक्षण मात्र पडत्या काळातही आपल्याजवळ राहतं आणि आपल्या हातातला कागद आपल्यालाच वाचू देतं. म्हणून चढायला निघण्याआधी माचीवर घर बांधावं.